आठ घनांची पेटी : बालशिक्षणांतील चित्र, शास्त्र आणि नक्षी यांच्या ऐक्याचें एक निरक्षर साधन

ऐतिहासिक साधन म्हटलें कीं आपणांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेली पोथी, दप्तरांतील मोडी कागद, ताम्रपट किंवा शिलालेख उभा राहतो. ज्यावर अक्षर आहे तें साधन आणि ज्यावर अक्षर नाहीं ती अडगळ, अशी एक अलिखित व्यवस्था आमच्या संग्रहांतून रूढ झालेली आहे. आम्ही स्वतः आयुष्यभर याच व्यवस्थेनें वागत आलों. प्रस्तुत लेखांत तिला एक अपवाद दाखवावयाचा आहे. ज्यावर एकहि अक्षर नाहीं, जें लहान मुलाच्या हातांत देण्यासाठींच घडविलें गेलें, आणि तरीहि ज्यांत चित्रकला, शास्त्र व नक्षी या तिहींच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास एकवटलेला आहे, अशा एका लांकडी पेटीचा हा विचार आहे. ती पेटी जर्मनींत जन्मली. तिचा एक धागा मद्रासेपर्यंत व दुसरा मुंबईपर्यंत कसा आला, तें क्रमानें सांगूं.

मुलांस चित्र शिकवावयाचें तें कशासाठीं, हा प्रश्न युरोपांत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्राथमिक शाळेपुढें आलाच नव्हता. चित्र हा चिताऱ्याचा धंदा किंवा श्रीमंतांच्या मुलामुलींचा शौक. शेतकऱ्याच्या पोरास त्याचें प्रयोजन काय, अशीच समजूत होती. ही समजूत मोडण्याचें श्रेय मुख्यतः स्वित्झर्लंडांतील योहान हाइनरिख पेस्टालोझी (१७४६–१८२७) याजकडे जातें. सर्व ज्ञानाचीं मूळ द्वारें तीन, संख्या, आकृति आणि भाषा, असा त्याचा सिद्धान्त होता. त्यांपैकीं आकृतीच्या द्वारानें मोजणें, रेखाटणें व लिहिणें हीं तिन्हीं शिकावयाचीं; म्हणजे चित्र हें लेखनाच्या आधीं आणि मोजमापाच्या बरोबर येतें. बुर्गडोर्फ येथील त्याच्या शाळेंत चित्राचें काम पाहणारा बुस् हा गृहस्थ पूर्वाश्रमीं पुस्तकबांधणी करणारा होता, हें पोथीसंग्राहकांस वाचून मौज वाटेल. इ. स. १८०३ मध्यें पेस्टालोझीनें आकृतींच्या अवलोकनाची जी मूळाक्षरमाला प्रसिद्ध केली, तिच्या घडणींत या बुसाचा मोठा वांटा आहे. तींत ना फूल, ना पक्षी, ना मनुष्याकृति. सरळ रेघ, आडवी रेघ, कोन, आणि चौरस व त्याचे उभे-आडवे भाग, एवढेंच. मुलानें रेघ पाहावी, तिचें नांव उच्चारावें, तिचे भाग मोजावे, आणि मग ती काढावी. हा क्रम कोरडा होता हें खरें. परंतु डोळ्यानें मोजतां आल्यावांचून हातानें काढतां येत नाहीं, हें तत्त्व त्यानें प्रथमच प्राथमिक शाळेंत आणून बसविलें.

पेस्टालोझीच्या इव्हेर्दों येथील शाळेंत १८०८ ते १८१० अशीं दोन वर्षें एक जर्मन तरुण राहून गेला. त्याचें नांव फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२–१८५२). त्याचें पूर्ववृत्त ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तो थुरिंगियांतील एका धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणींच आई वारलेली. प्रथम तो जंगलखात्याच्या एका अंमलदाराजवळ उमेदवार होता. जमीनमोजणीचें कामहि त्यानें केलें. आणि १८०५ मध्यें फ्रँकफुर्ट येथें गेला तो वास्तुविद्या शिकावी या इराद्यानें. तेथें त्यास एका शाळेंत शिक्षकाची जागा मिळाली आणि आयुष्याची दिशाच बदलली. इव्हेर्दोंनंतर तो गटिंगन व बर्लिन येथें शास्त्राध्ययनास गेला, १८१३ मध्यें नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत स्वयंसैनिक झाला, आणि युद्धांतून परतल्यावर १८१४ पासून १८१६ पर्यंत बर्लिनच्या खनिजसंग्रहालयांत ख्रिस्तियन सामुएल वाइस याच्या हाताखालीं साहाय्यक म्हणून राहिला. आमच्या मतें त्याच्या पुढील कार्याचें बीज याच दोन वर्षांत आहे.

त्या काळीं स्फटिकशास्त्र हें नवें व मोठ्या वादाचें शास्त्र होतें. फ्रान्सांतील रने झ्यूस्त आउई (१७४३–१८२२) यानें असें प्रतिपादिलें होतें कीं स्फटिक कितीहि फोडला तरी अखेरीस ठराविक आकाराचे सूक्ष्म खंड उरतात, आणि अशा असंख्य खंडांच्या थरांवर थर रचून निसर्ग निरनिराळे स्फटिक घडवितो. त्याच्या ग्रंथांतील आकृतिपटांवर लहान लहान घन पायऱ्यांप्रमाणें रचून बारा चौकटपृष्ठांचा स्फटिक कसा सिद्ध होतो, तें काढून दाखविलेलें आहे. तो पट पाहणारास मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. वाइस यानें आउईच्या ग्रंथाच्या जर्मन भाषांतरास हात लावला होता. परंतु त्याचें स्वतःचें मत निराळें झालें. त्याच्या मतें मुख्य गोष्ट खंड नव्हे, अक्ष होय. मध्यबिंदूंतून जाणाऱ्या दिशा आणि त्यांभोवतीं सर्व बाजूंनीं साधलेली समता, यांवरून स्फटिकांचीं कुळें ठरतात. १८१५ च्या सुमारास त्यानें त्यांचें वर्गीकरण याच रीतीनें मांडलें. म्हणजे फ्रोबेल जेव्हां संग्रहालयांतील खडे लावीत व पुशीत होता, तेव्हां त्याच्यासमोर दोन कल्पना उभ्या होत्या : एक रचनेची, दुसरी अक्षाची. दगडांच्या वाढींत दिसणारा नियम मनुष्याच्या वाढींतहि दिसतो, असें त्यानें पुढें आपल्या आत्मवृत्तपर लिखाणांत नमूद करून ठेविलें आहे.

१८१६ मध्यें त्यानें संग्रहालय सोडलें व लवकरच काइलहाउ या खेड्यांत शाळा चालविली. १८२६ मध्यें मनुष्यशिक्षणावरील त्याचा प्रमुख ग्रंथ निघाला. १८३७ मध्यें ब्लांकेनबुर्ग येथें त्यानें लहान मुलांसाठीं खेळसाहित्य तयार करण्याचें काम हातीं घेतलें, आणि १८४० मध्यें या व्यवस्थेस ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. त्या साहित्यास तो ‘गाबे’ म्हणजे देणगी म्हणत असे. पहिली देणगी निरनिराळ्या रंगांच्या मऊ चेंडूंची. दुसरी लांकडी गोल, वृत्तचिति व घन यांची. तिसरी देणगी म्हणजेच आमच्या लेखाचा विषय : एक घन, प्रत्येक दिशेनें एकदां कापून झालेले आठ समान घन, आणि ते ठेवण्याची सरकत्या झांकणाची पेटी.

पेटी मुलास कशी द्यावयाची याचाहि विधि होता. ती पालथी करावयाची, झांकण खालून ओढून घ्यावयाचें, आणि पेटी अलगद वर उचलावयाची. मेजावर आठ तुकडे विखुरत नाहींत; एक अखंड घन उभा राहतो. मुलानें आधीं पूर्ण वस्तु पाहावी, मग तिचे भाग करावे, आणि खेळ संपतांना पुन्हा पूर्ण वस्तु करून पेटींत ठेवावी. दुसरा नियम असा कीं, आठांपैकीं एकहि घन बाजूस टाकावयाचा नाहीं. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : केलेली रचना उधळून नवी मांडावयाची नाहीं, असलेल्या रचनेंतील घन हलवून तिच्यांतूनच पुढची काढावयाची.

या आठ घनांच्या रचनांचे फ्रोबेल तीन वर्ग करी. पहिलीं जीवनरूपें : खुर्ची, पायऱ्या, वेस, विहीर, म्हणजे मुलाच्या नित्य पाहण्यांतील वस्तु. दुसरीं ज्ञानरूपें : अर्धे, चतुर्थांश, अष्टमांश, चारांच्या दोन रांगा, आठांची एक रांग. तिसरीं सौंदर्यरूपें : मध्यें चार घन, भोंवतीं चार, मग भोंवतालचे चारहि एकाच मापानें सरकवावयाचे, अथवा वळवावयाचे, म्हणजे नक्षी फिरत जाते व प्रत्येक पायरीस तिची समता कायम राहते. मेजावर चौकटी आंखलेल्या असत, त्यामुळें हात चुकल्यास डोळ्यास तत्काळ कळे. पुढें पाटीवर तशाच चौकटी आंखून मूल याच रचना रेघांनीं काढी. पेस्टालोझीचा कोरडा चौरस येथें खेळकर झाला.

हे तीन वर्ग म्हणजे आजच्या भाषेंत चित्र, शास्त्र व नक्षी होत. परंतु फ्रोबेलाची विशेषता हे तीन वर्ग केले यांत नाहीं. तिन्हींसाठीं साहित्य एकच ठेविलें यांत आहे. सकाळीं ज्या आठ घनांची खुर्ची झाली तेच दुपारीं अष्टमांश होतात आणि संध्याकाळीं फूल होतात. एक उदाहरण घेऊं. इंग्लंड-अमेरिकेंत पुढें प्रचलित झालेल्या पेट्यांत प्रत्येक घनाची बाजू एक इंच असे. आठहि घन एकत्र ठेविले असतां आकारमान आठ घन इंच व पृष्ठफळ चोवीस चौरस इंच. चारांच्या दोन रांगा जमिनीवर मांडल्या असतां आकारमान तेंच, पृष्ठफळ अठ्ठावीस. आठहि एका रांगेंत लावले असतां आकारमान तेंच, पृष्ठफळ चौतीस. मूल हे आंकडे जाणत नसेल. पण कांहीं वाढविलें नाहीं, कांहीं काढलें नाहीं, आणि तरी रूप पालटलें, हें तें हातानें जाणतें. द्रव्य कायम व रूप भिन्न, हा पदार्थशास्त्राचा पहिला धडा त्यास नक्षी मांडतां मांडतां मिळतो.

आतां या रचनेवर स्फटिकशास्त्राचा ठसा कितपत आहे, याचा निवाडा केला पाहिजे. पेटींतील खंड व रचना या आउईच्या कल्पनेशीं जुळतात. सौंदर्यरूपांतील मध्यबिंदु व सर्व बाजूंनीं सारखी हालचाल या वाइसच्या कल्पनेशीं. मात्र चौरसापासून आरंभ करणें हें पेस्टालोझीचें देणें आहे, आणि विश्वाच्या ऐक्याची भाषा त्या काळच्या जर्मन तत्त्वज्ञानांत सर्वत्रच होती. म्हणून संग्रहालयांतील दोन वर्षें हें एकमेव कारण होय असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि वाइसच्या हाताखालीं बसलेल्या मनुष्यास चेंडूपासून घनापर्यंत व घनापासून त्याच्या खंडांपर्यंत जाणारा क्रम सुचावा, यांत काकतालीय न्याय आहे असें मानणें अधिक कठीण आहे.

येथें आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या मनुष्यास एक मोह होतो, तोहि उघड सांगितला पाहिजे. शुल्बसूत्रांतील अग्निचिति पाहा. पांच थर, प्रत्येक थरांत दोनशें इष्टका. श्येन, रथचक्र, द्रोण, कूर्म अशीं रूपें भिन्न, परंतु क्षेत्रफळ तेंच साडेसात पुरुषांचें. एकच परिमाण, अनेक रूपें, हें तत्त्व आमच्या याज्ञिकांस पूर्ण अवगत होतें. म्हणून फ्रोबेलानें तें येथूनच उचललें, असें कोणी उत्साही गृहस्थ म्हणूं पाहील. परंतु तसें म्हणणें निराधार आहे. शुल्बसूत्रांतील गणिताची ओळख युरोपीय विद्वानांस विशेषेंकरून झाली ती थिबो याच्या १८७५ च्या निबंधानें. आणि फ्रोबेल तर २१ जून १८५२ रोजींच निवर्तला. साम्य म्हणजे संबंध नव्हे, हा नियम संशोधकानें स्वकीयांच्या गौरवाच्या प्रसंगींहि पाळिला पाहिजे.

पेटीचें पुढील दैव विचित्र आहे. ऑगस्ट १८५१ मध्यें प्रशियन सरकारनें बालोद्यानांवर बंदी घातली. फ्रोबेलाच्या एका पुतण्याच्या लिखाणाचा ठपका या वृद्ध शिक्षकावर आला, असें सांगतात. कांहीं असो, बंदी १८६० पर्यंत उठली नाहीं, आणि ती उठलेली पाहण्यास तो जिवंत नव्हता. श्वाइना येथील त्याच्या थडग्यावर मूर्ति नाहीं. घन, त्यावर वृत्तचिति आणि त्यावर गोल, असा दगडी स्तंभ आहे. दुसऱ्या देणगीस याहून योग्य स्थळ मिळालें नसतें.

अनुयायांनीं ही पद्धति इंग्लंड-अमेरिकेंत नेली. १८६९ पासून अमेरिकेंत मिल्टन ब्रॅडली या कारखानदारानें पेट्या तयार करून विकण्यास आरंभ केला, आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनांत त्या हजारों लोकांच्या दृष्टीस पडल्या. तेथें पाहून एका आईनें आपल्या मुलासाठीं हें साहित्य आणलें. तो मुलगा पुढें प्रख्यात वास्तुशिल्पकार फ्रँक लॉइड राइट झाला. आपल्या शिल्पदृष्टीचें मूळ त्या मेपल लांकडाच्या ठोकळ्यांत आहे, अशी कृतज्ञता त्यानें उतारवयांतील आत्मचरित्रांत व्यक्त केली आहे. त्याचा जन्म १८६७ चा. म्हणजे पेटी हातीं आली तेव्हां तो नऊ वर्षांचा, बालोद्यानाच्या वयापेक्षां बराच मोठा होता. आमच्या दृष्टीनें हें पेटीच्या योग्यतेचेंच गमक आहे : प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलासहि तींत पुरेसा विषय सांपडला.

परंतु प्रसाराबरोबर ऱ्हासहि आला. मार्गदर्शक पुस्तकें निघालीं, त्यांत रचनांचे अनुक्रम छापले गेले, आणि बाई सांगतील त्या क्षणीं चाळीस मुलांनीं तोच घन त्याच दिशेस सरकवावयाचा, अशी कवाईत पुष्कळ ठिकाणीं सुरू झाली. नियम राहिला, शोध गेला.

याच फिलाडेल्फिया शहरीं १८८६ मध्यें पंडिता रमाबाई गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचें तें निमित्त होतें. तेथें राहून त्यांनीं फ्रोबेलाच्या पद्धतीचें शिक्षण घेतलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढलें. ज्यांच्या संस्कृत पांडित्यावर कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या विदुषीस मुलांच्या ठोकळ्यांच्या व घडीच्या कागदांच्या वर्गांत विद्यार्थिनी म्हणून बसण्यांत कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट आम्हां संस्कृतज्ञांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा धागा मद्रासेचा. तेथील टी. सुंदर राव यांनीं १८९३ मध्यें कागदाच्या घड्यांनीं भूमिति शिकविणारा एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची कल्पना आपणांस बालोद्यानाच्या आठव्या देणगीवरून, म्हणजे रंगीत चौरस कागदांच्या घड्यांच्या साहित्यावरून सुचली, असें त्यांनीं प्रस्तावनेंतच सांगितलें आहे. कंपास नको, पट्टी नको; एक चाकू आणि सारखीं अंतरें घेण्यासाठीं कागदाच्या कपट्या एवढें पुरे. वेड्यावांकड्या कागदापासून चौरस कसा करावा येथून आरंभ करून समभुज त्रिकोण, पंचकोन, षट्कोन असें चढत चढत ते शंकुच्छेदांपर्यंत जातात. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन याच्या ग्रंथांत या पुस्तकाचा उल्लेख आला, त्यावरून अमेरिकेंतील बेमन व स्मिथ या दोघां प्राध्यापकांचें तिकडे लक्ष गेलें, आणि १९०१ मध्यें शिकागो येथें त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. जर्मनींतून निघालेला विचार मद्रासेस येऊन अधिक प्रौढ झाला व जर्मन गणित्याच्याच हातानें पुन्हा पश्चिमेस परतला. कवाइतीनें जो शोध मारला होता, तो येथें एका कागदाच्या घडींत जिवंत झाला.

आमच्या प्रांतांतील शाळांतून ज्यांनीं चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा दिल्या असतील, त्यांस वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिति हे निरनिराळे पेपर स्मरत असतील. आम्हींहि ते दिले व पुढें दुसऱ्यांकडून देवविले. जीवनरूपें एका पेपरांत, सौंदर्यरूपें दुसऱ्यांत, ज्ञानरूपें तिसऱ्यांत. विषय तेच, परंतु तिन्हींस बांधणारे आठ घन मधून नाहींसे झाले. नक्षी काढणाऱ्या मुलास आपण भूमिति करीत आहों हें कोणी सांगितलें नाहीं, आणि भूमिति करणाऱ्यास ती सुंदर आहे हें कोणी दाखविलें नाहीं. हा दोष परीक्षेहून आम्हां शिक्षकांचा अधिक आहे.

शेवटीं एक कबुली. आम्ही सेवेंत असतां एका जुन्या शाळेच्या जडसंग्रहाचें निर्लेखन करावयाचें होतें. त्या कोठींत मोडी कागद सांपडतील या आशेनें आम्हीं तें काम मागून घेतलें. कागद निघाले, त्यांतील बरे ते वेगळे काढले. त्यांबरोबर सरकत्या झांकणाच्या काळवंडलेल्या कांहीं लांकडी पेट्या आणि चौकटींवर चिकटविलेल्या रंगीत कागदी नक्ष्यांच्या मुलांच्या वह्या निघाल्या. नोंदवहींत ‘खेळणीं, निरुपयोगी’ असा शेरा होता. त्याखालीं आमची सही आहे. लांकूड जळणांत गेलें, वह्या रद्दींत. ज्या मोडी कागदांसाठीं एवढा खटाटोप केला, ते जमाखर्चाचे सामान्य कागद ठरले. पुढें अनेक वर्षांनीं अमेरिकेंतील एक संग्राहक नॉर्मन ब्रॉस्टरमन यांचा १९९७ मध्यें निघालेला बालोद्यानावरील ग्रंथ आमच्या पाहण्यांत आला. त्यांत अशाच पेट्यांचीं व मुलांच्या वह्यांचीं चित्रें साधन म्हणून छापलेलीं होतीं, आणि फ्रोबेल व स्फटिकशास्त्र यांच्या संबंधाचा विचार त्यांवरून मांडलेला होता. आम्हीं काय रद्दींत घातलें, तें त्या दिवशीं कळलें. कोणत्या वर्षीं, कोणत्या मुलानें, कोणत्या क्रमानें ती नक्षी फिरविली होती, तें सांगणारा आमच्याजवळचा पुरावा आम्हींच नष्ट केला होता.

म्हणून संग्राहक मित्रांस विनंति एवढीच. जुन्या शाळेची, जुन्या वाड्याची किंवा एखाद्या निवृत्त शिक्षकाची अडगळ उपसतांना लिखित कागद अवश्य घ्या. परंतु घडीचे कागद, ठोकळे, आंखलेल्या पाट्या, नक्षीच्या वह्या यांवरहि एक नजर टाका. त्या कोठें व कशाबरोबर सांपडल्या याची चिठी लावा, पेटींतील तुकडे मोजा, आणि एखादा कमी असला तर तसें लिहून ठेवा. आठांपैकीं एकहि घन टाकावयाचा नाहीं, हा फ्रोबेलाचा नियम मुलांहून आपणांसच अधिक लागू आहे. इत्यलम्.